अदृश्य धुळीचे वजन

दिवाळी सरते न सरते तोच बीड जिल्ह्यातील रस्त्यांवर कापसाने शिगोशीग भरलेली वाहने दिसू लागतात. बालाघाटच्या माळावरील असो वा गोदाकाठच्या काळ्या रानातील असो, वेचलेला कापूस शेवटी पोहोचतो तो जिनिंगच्या कारखान्यात. तेथे यंत्राचे चामडी वेष्टनाचे रूळ रुई ओढून घेतात आणि सुरीपाशी अडलेली सरकी खाली गळून पडते. सरकीपासून तेल निघते, रुईचे गठ्ठे सूतगिरणीकडे रवाना होतात. अंबाजोगाईस कापडाचे मोल निराळे सांगावयास नको. याच गावी दासोपंतांनी कापडी पासोडीवर ग्रंथ लिहिला, आणि ती पासोडी आजही तेथे जपून ठेवलेली आहे.

परंतु जिनिंगमध्ये रुई आणि सरकी यांखेरीज आणखी एक वस्तू तयार होते. तिचे गठ्ठे बांधले जात नाहीत, तिला बाजारात भाव नाही, आणि तिचा हिशेब पुष्कळ वर्षे कोणी ठेवलाही नाही. ती वस्तू म्हणजे धूळ.

पत्र्याच्या छपराला एखादे भोक असले तर त्यातून उन्हाचा कवडसा आत येतो आणि त्यात असंख्य कण नाचताना दिसतात. हीच ती अपायकारक धूळ, असे आपणांस वाटते. वास्तविक ज्या कणांची अधिक भीती बाळगावयाची ते बहुधा डोळ्यांना दिसतच नाहीत. मिलिमीटरचे एक हजार सारखे भाग केले तर त्यातील एका भागास मायक्रॉन म्हणतात. माणसाचा केस साधारणपणे पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो. मोठे कण नाकातील केसांत व ओलाव्यात अडकतात, किंवा घशातून खाकरून बाहेर पडतात. दहा मायक्रॉनहून लहान कण मात्र या पहाऱ्यातून निसटू लागतात, आणि चार-पाच मायक्रॉनहून लहान असलेले कण फुप्फुसांच्या अगदी तळाशी, जेथे हवा आणि रक्त यांची देवघेव चालते त्या वायुकोशांपर्यंत जाऊन पोहोचतात.

या सूक्ष्म कणांची दुसरीही एक खोड आहे. ते लवकर खाली बसत नाहीत. स्तब्ध हवेत पाण्याइतक्या घनतेचा शंभर मायक्रॉनचा कण दीड मीटर उंचीवरून सोडला, तर पाच-सहा सेकंदांत जमिनीला टेकतो. दहा मायक्रॉनच्या कणाला त्याच अंतरासाठी सुमारे आठ मिनिटे लागतात. आणि एक मायक्रॉनच्या कणाला? जवळजवळ बारा तास! सकाळी उडालेला असा कण सायंकाळपर्यंत हवेत तरंगतच राहतो. कारखाना झाडून घेतला, जमीन स्वच्छ दिसू लागली, म्हणून हवा स्वच्छ झाली असे मानता येत नाही. कोरड्या झाडूने तर खाली बसलेली बारीक धूळ पुन्हा वर उठते.

कापसाच्या धुळीत केवळ कापसाचे तंतू नसतात. बोंडाभोवतीच्या सुकलेल्या पानांचा चुरा, काडीकचरा, माती, आणि त्या पालापाचोळ्यावर वाढणारे जंतू असे सारे मिश्रण त्यात असते. त्या जंतूंच्या शरीरातील विषारी द्रव्याचा आजाराशी निकटचा संबंध असल्याचे संशोधकांना आढळून आले आहे. या आजाराला बायसिनोसिस असे नाव आहे. कापूस व तागासारख्या तंतूंच्या धुळीत काम करणाऱ्यांना तो जडतो, आणि त्याची सुरुवात मोठी चमत्कारिक असते.

आठवडाभर काम करणारा मजूर रविवारी घरी विश्रांती घेतो. सोमवारी तो कामावर येतो आणि काही तासांतच त्याची छाती आवळल्यासारखी होते, खोकला येतो, दम लागतो. मंगळवारी त्याला बरे वाटते. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. ज्या गावी बाजाराच्या दिवशी सुट्टी असते तेथे हा त्रास बाजाराच्या दुसऱ्या दिवशी होईल. आता विचार करा, अशा माणसाची तक्रार मुकादमाला कशी वाटेल? सुट्टीनंतर कामाचा कंटाळा आला, म्हणून हा ढोंग करतो, असे म्हणणे किती सोपे! दुसऱ्याच दिवशी तो धडधाकट दिसतो, त्यामुळे संशयाला बळकटीच येते. पण काही वर्षे लोटली म्हणजे सोमवारचा त्रास मंगळवारीही राहू लागतो, मग बुधवारीही, आणि अखेरीस सर्व दिवस सारखेच होतात. फुप्फुसांची ती हानी पुढे पूर्णपणे भरून येत नाही.

ताग आणि अंबाडीसारखे तंतू विंचरणारे लोक खोकल्याने बेजार होतात, हे इटलीतील बर्नार्दिनो रामाझिनी या वैद्याने १७०० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवले होते. रोग्याला इतर प्रश्नांबरोबर ‘तुझा धंदा कोणता?’ हेही विचारावे, असा आग्रह त्याने वैद्यांना केला. प्रश्न साधा आहे, परंतु तो विचारणारे थोडेच निघाले. विसाव्या शतकात, १९५० च्या दशकात, इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यात रिचर्ड शिलिंग या डॉक्टरांनी गिरणी कामगारांना त्यांच्या सोमवारबद्दल पद्धतशीरपणे विचारले आणि उत्तरांवरून आजाराच्या पायऱ्या ठरविल्या. आपल्याकडे मुंबईत १८५४ साली पहिल्या कापडगिरणीची कंपनी उभी राहिली आणि पुढे परळ, लालबाग, वरळी या भागांत गिरणगाव वसले. घाटावरून आणि कोकणातून आलेल्या हजारो माणसांचे आयुष्य तेथे गेले. कापूस पिंजून विंचरण्याच्या खात्यांत धूळ सर्वाधिक असे. परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉक्टरांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात या कामगारांची तपासणी केली, तेव्हा हा आजार मुंबईतही आहे हे स्पष्ट झाले.

डॉक्टरांची ही तपासणी समजण्यास सोपी आहे. सोमवारी काम सुरू होण्यापूर्वी कामगाराने खोल श्वास घ्यावयाचा आणि श्वासमापक यंत्राच्या नळीत जोराने सोडावयाचा. पहिल्या एका सेकंदात किती लिटर हवा बाहेर पडली, ते यंत्र सांगते. पाळी संपल्यावर पुन्हा तसेच. सायंकाळचा आकडा जर सकाळच्या आकड्यापेक्षा बराच उतरला असेल, तर मजूर ढोंग करीत नव्हता हे कागदावर उमटते. माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवण्यास आकड्याची साक्ष लागावी, ही गोष्ट काही फारशी भूषणावह नाही. पण ती साक्ष उपयोगी पडली, हेही खरे.

ही झाली माणसाची तपासणी. आता हवेची तपासणी पाहू. कारण माणूस आजारी पडल्यावर जे कळते ते त्याआधी हवेवरूनच कळले, तर त्याची फुप्फुसे वाचतात.

अदृश्य धूळ तोलावयाची कशी? शेतकरी धान्य उफणतो, तेव्हा काय करतो ते आठवा. वाऱ्याच्या झोतात जड दाणा सरळ खाली पडतो आणि हलका भुसा उडून जातो. कापसाची धूळ मोजणाऱ्या यंत्रात हीच युक्ती योजलेली आहे. एक उभे, रुंद नळकांडे कामगाराच्या नाकाच्या उंचीवर ठेवतात. त्याच्या तळाच्या लहान तोंडातून पंपाने दर मिनिटाला ७.४ लिटर हवा आत ओढली जाते आणि ती संथपणे वर चढते. हा प्रवाह इतका मंद असतो की कापसाचा तंतू किंवा सुमारे पंधरा मायक्रॉनहून मोठा कण त्याच्याबरोबर वर जाऊ शकत नाही. तो मागे पडतो. बारीक धूळ तेवढी वर जाते आणि माथ्यावर बसविलेल्या गाळणचकतीवर अडकते. शेतकऱ्याला दाणा हवा असतो, या यंत्राला भुसा हवा असतो, एवढाच काय तो भेद.

चकतीचे वजन आधी करून ठेवलेले असते. पाळी संपली की ती पुन्हा तोलावयाची. येथे मिलिग्रॅमचा हजारावा भाग दाखविणारा तराजू लागतो, कारण जमलेली धूळ फारच थोडी असते. शिवाय पावसाळी हवेत पापड जसा सादळतो, तशी चकतीही ओलावा शोषून जड होण्याचा संभव असतो. म्हणून तोलण्यापूर्वी ती ठरावीक उष्णतेच्या व ओलाव्याच्या खोलीत बराच वेळ ठेवतात. एवढ्यानेही समाधान न मानता एक कोरी चकती इतर चकत्यांबरोबर कारखान्यात नेऊन न वापरता तशीच परत आणतात. तिचे वजन वाढलेले आढळले, तर ती वाढ धुळीची नव्हे, हाताळण्याची वा हवामानाची आहे असे समजते, आणि तेवढी वजावट इतर चकत्यांतून करतात.

आता थोडे गणित करू. आठ तासांची पाळी म्हणजे ४८० मिनिटे. दर मिनिटाला ७.४ लिटर या हिशेबाने ३५५२ लिटर हवा गाळली गेली. एक हजार लिटर म्हणजे एक घनमीटर, म्हणजे ही हवा साडेतीन घनमीटरांहून थोडी अधिक झाली. अमेरिकेत १९७८ साली सूत काढण्याच्या खात्यासाठी कापसाच्या धुळीची मर्यादा ठरविण्यात आली, ती घनमीटरमागे ०.२ मिलिग्रॅम. या मर्यादेइतकी धूळ असेल, तर चकतीवर सुमारे ०.७१ मिलिग्रॅम धूळ सापडेल. तिळाच्या एका दाण्याचे वजन साधारणपणे तीन मिलिग्रॅम असते. म्हणजे ही दिवसभराची धूळ एका तिळाच्या पाव भागाइतकी! एक तीळ सात जणांत वाटण्याची गोष्ट आपण म्हणीत ऐकतो. येथे तो खरोखरच चौघांत वाटावा लागतो. समजा, एखाद्या चकतीवर २.१३ मिलिग्रॅम धूळ निघाली, तर हवेत घनमीटरमागे ०.६ मिलिग्रॅम धूळ होती, म्हणजे मर्यादेच्या तिप्पट. तरीही ती एका तिळाहून कमीच. डोळ्यांवर आणि अंदाजावर भिस्त ठेवणे येथे का चालत नाही, ते यावरून ध्यानात यावे.

तराजू अचूक असला तरी उत्तर चुकीचे येऊ शकते. ज्या दिवशी मोजणी, त्याच दिवशी निम्मी यंत्रे बंद ठेवली, दारे सताड उघडली, किंवा यंत्र मुकादमाच्या खोलीत नेऊन ठेवले, तर आकडा हवा तसा गोंडस येईल. म्हणून यंत्र जेथे मजूर उभा राहतो तेथेच, आणि नेहमीसारखे काम चाललेल्या दिवशीच लावावयाचे असते. काही धुळींसाठी तर पंप कामगाराच्या कमरेला बांधतात आणि गाळणचकती त्याच्या गळपट्टीला, नाकापासून वीतभर अंतरावर, अडकवितात. मग तो जाईल तेथे मोजणी त्याच्याबरोबर जाते.

दगडाच्या धुळीसाठी ही दुसरी रीत विशेष उपयोगी पडते. तुमच्या आजीआजोबांनी ज्या पेन्सिलीने पाटीवर अक्षरे गिरविली, तशा पेन्सिली मध्यप्रदेशातील मंदसौर येथे दगड कापून तयार होत. विजेच्या करवतीने दगड कापताना गारेचे, म्हणजे सिलिकाचे, सूक्ष्म कण हवेत उडत. ते फुप्फुसांत साठून सिलिकोसिस होई, आणि ऐन उमेदीतील माणसे त्याला बळी पडली. अहमदाबाद येथे १९६६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तेथील धूळ मोजली आणि कामगार तपासले. पुढे करवतीपाशीच धूळ ओढून घेणारी साधने योजण्यात आली. अंबाजोगाईची हत्तीखाना लेणी ज्या काळ्या पाषाणात कोरली आहेत, त्यात गारेचे मोकळे कण फार थोडे असतात. पण म्हणून खडी फोडणाऱ्याने ती धूळ खुशाल श्वासावाटे घ्यावी, असे मात्र नव्हे.

मुंबईत शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेतही कारखान्यांच्या हवेचा असाच अभ्यास चालतो. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळ येथे विषारी वायू सुटून हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर १९८७ साली १९४८ च्या कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली आणि कामाच्या जागी हवेत कोणते घातक पदार्थ किती प्रमाणापर्यंत चालतील, याची यादी कायद्यास जोडली गेली. त्याआधी पुष्कळ ठिकाणी ‘धूळ फार आहे’ एवढेच म्हणता येई. आता किती आहे आणि किती असावयास हवी होती, हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडता येऊ लागले.

आकडा मर्यादेबाहेर गेला म्हणजे काय करावयाचे? पुष्कळांच्या मनात प्रथम तोंडाला बांधावयाची पट्टी येते. माझ्या मते तिचा क्रम शेवटचा आहे. साध्या रुमालाच्या धाग्यांमधील फटींतून बारीक कण सहज आत जातात, आणि चांगली मुखपट्टी बांधून उकाड्यात आठ तास ओझी वाहणे हे सांगणाऱ्याला वाटते तितके सोपे नाही. आधी कापूस यंत्रात जाण्यापूर्वीच त्यातील पालापाचोळा काढून टाकावा, यंत्रावर झाकणे बसवावी, धूळ उठते तेथेच ती नळ्यांनी शोषून बाहेरच्या गाळणीत न्यावी, आणि जमीन झाडूऐवजी शोषकयंत्राने साफ करावी. हे सारे केल्यावर पुन्हा चकती लावून तोलावी.

मुलांनो, एक छोटा प्रयोग तुम्हांलाही करता येईल. काचेच्या दोन पट्ट्यांना व्हॅसलिनचा पातळ थर द्या. एक रस्त्याकडील खिडकीत आणि दुसरी घराच्या आतल्या खोलीत चोवीस तास आडवी ठेवा. नंतर पांढऱ्या कागदावर ठेवून भिंगातून पाहा आणि एका चौरस सेंटिमीटरमधील ठिपके मोजून तारखेसह वहीत लिहा. पेरणीच्या, सुगीच्या आणि पावसाळ्याच्या दिवसांत हा प्रयोग पुन्हा केल्यास आकड्यांत फरक दिसेल. भिंगाखाली दिसतील ते मात्र बहुतेक जड कणच, कारण ते खाली पडतात. हलके कण त्याच वेळी तुमच्या पट्टीवरून तरंगत पुढे गेलेले असतील.