स्तनाचा कर्करोग : शहरांत आणि खेड्यांत

मुंबई आणि बार्शी यांमध्यें एका रात्रीच्या प्रवासाचें अंतर आहे. राज्य एक, भाषा एक. परंतु स्तनाच्या कर्करोगापुरतें पाहिलें तर हीं दोन निराळीं जगें भासतात. मुंबईंत १९६३ सालीं इंडियन कॅन्सर सोसायटीनें शहरांतील प्रत्येक नव्या कर्करुग्णाची नोंद ठेवण्याचें काम हातीं घेतलें. या प्रकारची भारतांतील ती पहिली नोंदणी होय. १९८७ सालीं सोलापूर जिल्ह्यांतील बार्शी येथें आसपासच्या खेड्यांसाठीं तशीच नोंदणी सुरू झाली. वयोमानाचा फरक हिशेबांत धरूनहि, दर लाख स्त्रियांमागें हा रोग शहरांत खेड्याच्या सुमारें दुप्पट आढळतो.

असें कां व्हावें? स्तनांतील पेशींची वाढ ईस्ट्रोजेन नांवाच्या अंतःस्रावावर अवलंबून असते. ऋतुप्राप्ति लौकर झाली, ऋतुनिवृत्ति उशिरां झाली, तर त्या पेशी अधिक वर्षें या स्रावाच्या प्रभावाखालीं राहतात. उलट बाळंतपण आणि स्तनपान यांनीं त्यांस कांहीं अंशीं संरक्षण मिळतें. जोगिणींमध्यें हा रोग विशेष दिसतो, असें इटलींतील वैद्य रामात्सिनी यांनीं अठराव्या शतकाच्या प्रारंभींच लिहून ठेविलें होतें. २००२ सालीं ३० देशांतील ४७ पाहण्यांचा एकत्र विचार झाला, तेव्हां प्रत्येक बाळंतपणामागें धोका सुमारें ७ टक्के, आणि स्तनपानाच्या प्रत्येक बारा महिन्यांमागें सुमारें ४ टक्के कमी होतो, असें दिसून आलें. शहरांत पहिलें मूल उशिरां, मुलें थोडीं, काम बैठें. ऋतुनिवृत्तीनंतर वाढलेलें वजन आणि मद्यपान यांचीहि त्यांत भर पडते.

येथें एक विपर्यास टाळावयास हवा. हीं कारणें समुदायाचीं आहेत. एकट्या स्त्रीच्या कपाळीं दोष लावण्यासाठीं तीं नव्हेत. अनेक मुलांच्या मातेसहि हा रोग होतो. आनुवंशिक दोषामुळें होणारे रुग्ण शंभरांत पांच ते दहाच असतात. बहुसंख्य रुग्णांच्या घरीं हा रोग पूर्वीं कोणास झालेलाच नसतो. तेव्हां ‘आमच्या कुळांत हें नाहीं’ हें समाधान पोकळ आहे.

खेड्यांत रोग कमी, म्हणून तेथें भय कमी, असेंहि नाहीं. आरंभींची गांठ बहुधा दुखत नाहीं. आणि जें दुखत नाहीं तें सांगावें कोणास, या संकोचांत महिने लोटतात. शहरांतील सुशिक्षित घरेंहि या संकोचांतून सुटलेलीं नाहींत. वास्तविक वेळीं निदान झालें तर हा रोग बरा होण्यासारखा आहे. टाटा स्मारक रुग्णालयानें १९९८ सालापासून मुंबईंत दीड लाखांवर स्त्रियांचे दोन गट करून वीस वर्षें निरीक्षण केलें. एका गटाची तपासणी शिकविलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनीं केवळ हातानें करीत. त्या गटांत पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांचे या रोगानें होणारे मृत्यु जवळजवळ ३० टक्क्यांनीं घटले. त्याहून तरुण स्त्रियांत मृत्यूंची अशी घट दिसली नाहीं. परंतु रोग लौकर उघडकीस आला.

वय आणि कूळ कोणाच्याहि हातीं नाहीं. गांठ, त्वचेस पडलेली खळी, आंत ओढलें गेलेलें स्तनाग्र किंवा त्यांतून येणारें रक्त दिसतांच डॉक्टरांकडे जाणें मात्र हातीं आहे. आणि तिला तें मोकळेपणानें बोलतां येईल असें घर ठेवणें, हें घरांतील पुरुषांच्याहि हातीं आहे.