माळरानाला वाली कोण?

वन्य प्राण्यांचे रक्षण म्हटले की सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे घनदाट अरण्य उभे राहते, आणि त्या अरण्यात वाघ. विदर्भापुरते बोलायचे तर ताडोबा, मेळघाट आणि पेंच ही नावे उच्चारली की विषय संपला, अशी सर्वांचीच समजूत असते. वाशीम जिल्ह्याचे नाव या संदर्भात सहसा कोणी घेत नाही. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा कोरडवाहू शेतीचा, सोयाबीन-तुरीचा म्हणून ओळखला जातो. परंतु वन्य जीवनाचा एक प्रश्न असा आहे की, तो वाघाच्या जंगलात बसून सुटणार नाही. त्याचे उत्तर वाशीमसारख्या जिल्ह्यांतच शोधावे लागेल. हा प्रश्न माळरानाचा आहे.

काळवीट, लांडगा, खोकड, तणमोर ही सारी गवताची प्रजा होय. दूरवर पाहता येईल अशी मोकळी जमीन आणि गुडघाभर गवत असेल तरच यांचा निभाव लागतो. काळविटाचे सारे संरक्षण त्याच्या नजरेत आणि पायांत आहे. दाट झाडीत ही दोन्ही शस्त्रे निरुपयोगी ठरतात. तणमोराची कथा तर अधिकच नाजूक. पावसाळा लागला की या लहानशा पक्ष्याचा नर काळा-पांढरा वेश धारण करतो आणि गवतातून पुन्हापुन्हा हवेत उंच उसळी घेऊन मादीला आपले ठिकाण कळवितो. मादी गवताच्या आडोशाला जमिनीवरच अंडी घालते. हे गवत कापले गेले, जळले वा नांगरले गेले की त्या वर्षीची वीण संपली. जगातील पक्ष्यांच्या स्थितीची नोंद ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय सूचीत २०२१ साली तणमोराचा समावेश अतिसंकटग्रस्त वर्गात करण्यात आला. याच्या पुढची पायरी नामशेष होण्याची असते. ज्या थोड्या प्रदेशांत हा पक्षी अजून आढळतो, त्यांत अकोला-वाशीमची माळराने मोडतात, ही गोष्ट या भागाला जितकी भूषणावह तितकीच जबाबदारीची आहे.

शासनाने काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळवीट व तणमोर या दोघांनाही सर्वोच्च संरक्षण दिलेले आहे. २००० साली कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य घोषित झाले. पण त्याचे क्षेत्र अवघे सुमारे १८ चौरस किलोमीटर! काळविटांच्या कळपाला अभयारण्याची हद्द ठाऊक नसते. उन्हाळ्यात गवत वाळले की, किंवा पेरणीनंतर कोवळे अंकुर वर आले की, कळप शेजारच्या शिवारात उतरतात. जोडीला रोही आणि रानडुकरे असतातच. ज्याने कर्ज काढून बियाणे घेतले, त्याला दुबार पेरणीची वेळ आली तर त्याच्यापुढे वन्य जीवनाच्या सौंदर्याची महती गाणे ही क्रूर थट्टा होय. रात्ररात्र जागल करूनही पीक हाती लागत नाही, नुकसानीचा अर्ज, पंचनामा आणि प्रत्यक्ष भरपाई यांच्यात हंगाम उलटून जातो, आणि मिळणारी रक्कम झालेल्या हानीला पुरत नाही, ही शेतकऱ्यांची तक्रार अनाठायी म्हणता येत नाही. काही अटींवर रोही व रानडुक्कर मारण्याच्या परवानगीची वाट शासनाने मोकळी केली. पण बंदुकीने कळप कमी झाले तरी ते शेतात का येतात, या मूळ प्रश्नाला हात लागत नाही.

ते शेतात येतात, कारण त्यांचे स्वतःचे शेत नाहीसे झाले आहे. वऱ्हाडात प्रत्येक गावाला ई-वर्ग जमीन असे. ती गावाच्या गुरांची चराई, आणि तीच हरणांचीही. कागदोपत्री पडीक ठरलेली ही जमीन कोणाचीच नाही असे मानले गेले. मग कोठे अतिक्रमण झाले, कोठे मुरूम खणला गेला, कोठे इमारती उठल्या. जे उरले त्यावर वृक्षारोपणाची दृष्टी पडली. २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत महाराष्ट्रात ५० कोटी झाडे लावण्याची मोहीम पार पडली. झाडे लावावीत याबद्दल दुमत नाही; परंतु जेथे मुळात पवन्या, मारवेल आणि कुसळी यांचे राज्य आहे, तेथे खड्डे खणून झाडांच्या रांगा उभ्या करणे म्हणजे एका सजीव सृष्टीवर दुसरी लादणे होय. गवताळ जमीन ही उजाड झालेले अरण्य नव्हे, ती स्वतंत्र संपदा आहे, हे साधे सत्य आपल्या महसुली दप्तरात अद्याप उतरलेले नाही. चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे १९५२ मध्ये जाहीर झाले आणि २०२२ मध्ये तो आफ्रिकेतून विमानाने आणावा लागला. एकदा गमावलेले परत मिळवण्यास किती सायास पडतात, याचे याहून ठळक उदाहरण कोणते?

त्यातच नवा समृद्धी महामार्ग आला. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचा नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला. काटेपूर्णा आणि कारंजा-सोहोळ या दोन्ही अभयारण्यांच्या प्रदेशातून हा मार्ग जातो. प्राण्यांना ओलांडता यावे म्हणून त्याच्या आखणीत खालून व वरून जाणाऱ्या वाटांची तरतूद झाली, हे स्वागतार्ह आहे. पण मोकळ्या माळावर वावरणारा, धोका दुरून हेरणारा प्राणी बोगद्यासारख्या वाटेत शिरण्यास किती राजी होतो, हे बांधकामाच्या दाखल्यावरून कळत नाही. ते वर्षानुवर्षे निरीक्षण करूनच कळेल. ते निरीक्षण आणि त्यानुसार दुरुस्ती हा महामार्गाच्या खर्चाचाच भाग मानला गेला पाहिजे.

या साऱ्या चर्चेत ज्याची आठवण शेवटी होते, तो समाज मात्र माळरानाला सर्वांत आधी ओळखत आला आहे. फासेपारधी हा पिढ्यान्‌पिढ्या फासे लावून तितर-लावे धरणारा. १८७१ पासून सुरू झालेल्या गुन्हेगार जमातीविषयक कायद्यांनी त्याच्यावर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो १९५२ मध्ये कागदावरून पुसला गेला. वीस वर्षांनी वन्यजीव कायदा आला आणि त्याची उपजीविकाच गुन्हा ठरली. शिकार थांबणे आवश्यकच होते; पण तिच्या जागी त्याला काय दिले, हे विचारण्याची तसदी कोणी घेतली नाही. आज तणमोर कोणत्या उतारावर उसळतो, कोणत्या गवतात घरटे करतो, हे ज्याला पावलांच्या खुणांवरून सांगता येते, तो हाच माणूस. अकोला-वाशीम भागात ‘संवेदना’ या संस्थेच्या साहाय्याने काही पारधी वस्त्यांनी शिकार सोडून गवत राखण्याचे, चराईला शिस्त लावण्याचे आणि वणवा रोखण्याचे काम अंगावर घेतले आहे. ज्ञान तेच राहिले, त्याचा उपयोग बदलला. अशा कामाला पाठबळ देण्याऐवजी पारध्याकडे केवळ संशयित म्हणून पाहणारी व्यवस्था आपलाच उत्तम राखणदार गमावीत आहे.

माणसाला वगळून केलेले संरक्षण टिकत नाही, हा धडा महाराष्ट्राने एकदा घेतला आहे. १९७९ मध्ये सोलापूर-अहमदनगर जिल्ह्यांत माळढोकासाठी सुमारे ८,५०० चौरस किलोमीटरचे अभयारण्य घोषित झाले. त्यात गावे, शेते, बाजारपेठाही आल्या. निर्बंधांनी लोक त्रस्त झाले, पुढे क्षेत्र कमी करून सुमारे १,२०० चौरस किलोमीटरवर आणावे लागले, आणि माळढोक जवळजवळ दिसेनासा झाला. सोलापुरात हद्द अवाढव्य होती, सोहोळला ती चिमुकली आहे. पण दोन्हीकडे उणीव एकच, ती लोकांच्या सहभागाची.

म्हणून वाशीममध्ये करावयाचे काम नव्या फलकांचे नाही. उरलेल्या ई-वर्ग जमिनींची मोजणी करून त्यांची नोंद पडीक म्हणून नव्हे, गवताळ जमीन म्हणून व्हावी. तेथे खड्डे खणण्यापूर्वी ग्रामसभेला विचारले जावे. वनजमिनीवरील गवताळ पट्ट्यांबाबत २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक रक्षणाचा जो अधिकार दिला आहे, तो पात्र वस्त्यांना प्रत्यक्ष मिळावा. गवत कापणी तणमोराची वीण उरकल्यावर व्हावी, आणि त्यासाठी थांबणाऱ्याला मोबदला मिळावा. पिकाची भरपाई पुढच्या पेरणीपूर्वी शेतकऱ्याच्या हाती पडावी. यांतील कोणतीही गोष्ट अशक्य कोटीतील नाही. तिला अब्जावधींचा निधीही लागत नाही. लागते ती माळरानाकडे रिकामी जागा म्हणून पाहण्याची सवय सोडण्याची तयारी. ती तयारी जिल्हा प्रशासनाने, वन खात्याने आणि ग्रामपंचायतींनी दाखविली नाही, तर काळवीट शेतकऱ्याचा शत्रू म्हणून उरेल आणि तणमोर कोणाला न कळताच निघून जाईल.