शिकणारी सरकारी यंत्रणा

आधी मोजणी करावी, मग नकाशा आखावा, त्यावरून अंदाजपत्रक तयार करून वरिष्ठांची मंजुरी घ्यावी, निविदा मागवाव्यात, सर्वांत कमी रकमेच्या मक्तेदाराला काम द्यावे आणि ते पुरे झाल्यावर मोजून घेऊन त्याचे देयक अदा करावे, ही रस्ते, धरणे आणि पूल बांधण्याची सरकारी रीत पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून सिद्ध झालेली आहे आणि तिच्यातील शहाणपण नाकारण्याचे काही कारण नाही. दगडाचे बळ आणि नदीच्या पुराची उंची यांचा अदमास आगाऊ घेता येतो. परंतु हीच रीत संगणकप्रणालीच्या कामाला जशीच्या तशी लागू करण्यात आली, तेव्हा अनेक देशांच्या तिजोऱ्यांना तिची फार मोठी किंमत मोजावी लागली. कारण लाखो नागरिक एखादा अर्ज कसा भरतील, कोठे अडतील, कोणत्या रकान्याचा काय अर्थ लावतील, हे तो अर्ज प्रत्यक्ष त्यांच्या हाती पडेपर्यंत कोणत्याही तज्ज्ञाला छातीठोकपणे सांगता येत नाही.

ही गोष्ट जाणकारांना अगदी अलीकडे उमगली असेही नाही. विन्स्टन रॉइस या अमेरिकन अभियंत्याने 1970 साली लिहिलेल्या एका निबंधात गरजांची नोंद, आराखडा, रचना, चाचणी असा एकामागून एक उतरणारा क्रम मांडला आणि त्याच निबंधात, चाचणी अगदी शेवटी ठेवणारी ही रीत धोक्याची असल्याचेही बजावले. पुढे तो क्रम लोकांनी उचलला आणि इशारा मागे राहिला. 1985 साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याने घालून दिलेल्या मानकामुळे ही क्रमवार रीत सरकारी कंत्राटांत अधिकच पक्की रुजली. तिच्या विरोधात 2001 च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या युटा राज्यात जमलेल्या 17 संगणकतज्ज्ञांनी जे निवेदन प्रसिद्ध केले, त्यातून ‘अ‍ॅजाइल’ पद्धती नावारूपाला आली. काम लहान लहान टप्प्यांत करावे, दर दोन-तीन आठवड्यांनी चालू स्थितीतील काहीतरी वापरणाऱ्यापुढे ठेवावे, तो काय म्हणतो ते ऐकावे आणि पुढचा टप्पा त्या अनुभवावरून ठरवावा, हे तिचे सार. खासगी उद्योगांनी ती त्वरेने आत्मसात केली. राज्ययंत्रणेला ती का पचत नाही आणि पचली तर काय घडते, याचे जे उदाहरण मला सर्वांत बोधप्रद वाटते ते ब्रिटनमधील ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ योजनेचे आहे, कारण तेथे एकाच खात्याने एकाच योजनेसाठी ही पद्धती दोनदा अंगीकारली. पहिल्या खेपेस नावापुरती आणि दुसऱ्या खेपेस खरोखर.

बेकारी, अल्प उत्पन्न, आजारपण, घरभाडे आणि अपत्यसंगोपन यांसाठी दिली जाणारी सहा निरनिराळी साहाय्ये एकत्र करून गरजू नागरिकाला दरमहा एकच रक्कम द्यावी, अशी ही योजना 2010 साली जाहीर झाली, 2012 साली तिचा कायदा झाला आणि ऑक्टोबर 2013 पासून ती देशभर लागू करण्याची तारीखही ठरून गेली. काम अ‍ॅजाइल पद्धतीने चालेल, असे खात्याने सांगितले होते. परंतु मक्तेदार कंपन्यांशी झालेले करार जुन्या धाटणीचे, देखरेखीच्या समित्या जुन्या धाटणीच्या आणि अंतिम तारीख मात्र राजकीय वचनाने आधीच जखडलेली, अशा स्थितीत टप्प्याटप्प्याने शिकण्याला अवकाश कोठून मिळणार? एप्रिल 2013 मध्ये मँचेस्टरजवळच्या अ‍ॅश्टन-अंडर-लाइन या गावी जो पहिला प्रयोग सुरू झाला, त्यात एकट्या, अपत्यहीन आणि साध्यासरळ परिस्थितीच्या अर्जदारांनाच काय तो प्रवेश होता.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात नॅशनल ऑडिट ऑफिस या तेथील लेखापरीक्षण संस्थेने आपला अहवाल प्रसिद्ध केला. प्रणालीचा 3 कोटी 40 लाख पौंडांचा भाग निरुपयोगी म्हणून खर्ची टाकावा लागल्याची नोंद त्यात होती. पण माझ्या मते त्याहून गंभीर नोंद खात्याच्या अंतर्गत वातावरणाविषयी होती. योजना राबविणारी मंडळी तटबंदीआड राहिल्याप्रमाणे वागत होती आणि वरिष्ठांपर्यंत केवळ शुभवार्ताच पोहोचविण्याची वृत्ती तेथे बळावली होती, असा त्या अहवालाचा आशय आहे. ज्या दफ्तरात कनिष्ठ कर्मचाऱ्याला ‘हे चालत नाही’ असे निर्भयपणे म्हणता येत नाही, तेथे दर पंधरवड्याला चाचणी घेण्याचा उपयोग तो काय? चाचणीचा निकाल प्रतिकूल येण्याची आणि तो ऐकून घेण्याची मुभा हाच या पद्धतीचा प्राण आहे. ती मुभा काढून घेतली की उरतात त्या केवळ बैठका.

यानंतर जुन्या प्रणालीच्या जोडीने एक नवी प्रणाली सरकारच्या स्वतःच्या चमूकडून उभारण्याचे ठरले. नोव्हेंबर 2014 मध्ये दक्षिण लंडनमधील सटन भागात ती अगदी मोजक्या अर्जदारांसाठी सुरू झाली. धोरण ठरविणारे अधिकारी, प्रणाली लिहिणारे तंत्रज्ञ आणि अर्जदारांशी रोज बोलणारे कर्मचारी यांनी एकत्र काम करायचे. पडद्यामागील जी कामे अद्याप यंत्राकडे सोपविता येत नव्हती ती काही काळ हातानेच करायची. त्या खटाटोपातून खरी गरज कोणती ते पाहायचे आणि मगच ती प्रणालीत उतरवायची, असा हा क्रम होता. एकेक पायरी चढत ही सेवा डिसेंबर 2018 पर्यंत देशभर पोहोचली. मूळ वचनाच्या पाच वर्षे मागाहून पोहोचली, हे खरेच. पण पोहोचली ती चालू स्थितीत.

तिची खरी कसोटी मार्च 2020 मध्ये लागली. कोविडच्या साथीने व्यवहार ठप्प झाले आणि त्या महिन्याच्या उत्तरार्धातील दोन आठवड्यांत सुमारे साडेनऊ लाख अर्ज दाखल झाले, जेथे एरवी पंधरवड्याला लाखभर येत असत. ओळख पटविण्यासाठी लोकांना ताटकळावे लागले, दूरध्वनी लागेनात. तथापि प्रणाली कोलमडली नाही. हजारो कर्मचारी अन्य कामांवरून या कामावर आणले गेले आणि प्रत्यक्ष भेटीची अट स्थगित करून प्रक्रिया बदलता आली, कारण ती बदलणारे हात खात्याच्या घरातच होते.

मात्र या पद्धतीचे गुणगान करताना तिची मर्यादा झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. पहिली रक्कम हाती पडण्यास नव्या अर्जदाराला आरंभी सहा आठवडे थांबावे लागे. 2018 मध्ये ती मुदत पाचावर आली. या प्रतीक्षेच्या काळात कित्येक कुटुंबांचे भाडे थकले, कित्येकांवर अन्नछत्रांची पायरी चढण्याची वेळ आली. ही प्रतीक्षा कोण्या तंत्रज्ञाच्या चुकीतून आली नव्हती, ती धोरणातच लिहिलेली होती, आणि म्हणून कितीही कुशल चमू असला तरी त्याला ती दुरुस्त करणे शक्य नव्हते. अर्जदाराची अडचण दर पंधरवड्याला कळत असूनही जर कायद्याचे कलम शिकण्याच्या कक्षेबाहेर राहिले, तर सुधारतो तो केवळ पडदा. दैन्य जेथल्या तेथेच राहते.

आपल्याकडे महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 साली आला आणि अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क झाला. या सेवांचे अर्ज आता संगणकावरून जातात. तेव्हा ती प्रणाली कशी लिहून घ्यायची हा प्रश्न तंत्रज्ञांपुरता राहिलेला नाही, तो हक्काचा प्रश्न आहे. शेकडो पानांच्या निविदेत प्रत्येक रकाना आगाऊ ठरवून सर्वांत कमी दराच्या मक्तेदारावर भार टाकण्याऐवजी काम लहान भागांत द्यावे, दर भागानंतर थांबण्याचा वा वळण्याचा अधिकार खात्याने करारातच राखून ठेवावा, प्रणाली जाणणारे चार लोक तरी कायम सेवेत ठेवावेत आणि लवकर उघड केलेल्या दोषाला कसूर न मानण्याचे लेखापरीक्षकांशी आधीच ठरवून घ्यावे. आणि ज्या अधिकाऱ्याची अशा निविदेवर सही व्हायची आहे त्याला माझी कळकळीची विनंती आहे, की सही करण्यापूर्वी त्याने उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांगा लागतात त्या जून महिन्यात एखाद्या तालुक्याच्या सेतू केंद्रात जावे, अर्ज भरणाऱ्या संगणकचालकाशेजारी दिवसभर बसावे आणि कोणत्या रकान्यापाशी माणसे थांबतात ते स्वतःच्या हाताने टिपून घ्यावे.