नाकावरचा फोड महिना झाला तरी जात नाही? चुना-बिब्बा लावण्याआधी हे वाचा

नाकाच्या शेंड्यावर किंवा नाकपुडीच्या कडेला डाळीएवढा फोड येतो. दुखत नाही, खाजत नाही. म्हणून पहिला महिना तसाच जातो. मग कुणीतरी चुना लावायला सांगतं. त्यानं फरक पडला नाही की मेडिकलमधून एखादी ट्यूब येते. वर खपली धरते, लोक म्हणतात "बरं झालं". पंधरा दिवसांनी खपली निघते, रक्त येतं, पुन्हा खपली. असं करत वर्ष सरतं. गावोगावी नाकावरच्या गाठीची गोष्ट बहुतेक वेळा अशीच घडते.

नाकावरचे बहुतेक फोड साधे असतात आणि आपोआप जातात. पण जो जात नाही, त्याचं नाव कळल्याशिवाय त्यावर काहीही लावणं चुकीचं. कारण वरून सारखे दिसणारे फोड आतून वेगवेगळे असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा असतो.

साधे, पण दाबायचे नाहीत असे फोड

मुरूम किंवा केसतोड असेल तर तो लाल असतो, दुखतो, दोन-चार दिवसांत पिकतो आणि आठ-दहा दिवसांत बसतो. नाकपुडीच्या आत केस उपटल्यानं किंवा सारखं बोट घातल्यानंही असा फोड येतो. कोमट पाण्याच्या फडक्यानं दिवसातून तीन-चार वेळा शेकणं, एवढं बऱ्याचदा पुरतं. वाढत असेल तर डॉक्टर अँटिबायोटिकचं मलम किंवा गोळ्या देतात.

हा फोड दाबून फोडायचा मात्र नाही. नाक आणि वरच्या ओठाच्या भागातल्या रक्तवाहिन्यांचा डोळ्यामागून मेंदूकडे संबंध असतो. दाबल्यानं जंतू आत सरकू शकतात. हे क्वचित होतं, पण झालं तर जिवावर बेततं. नाकावरच्या फोडासोबत ताप, डोळ्याभोवती सूज, जोराची डोकेदुखी किंवा एकाचे दोन दिसणं सुरू झालं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठावा.

मधुमेह असलेल्यांनी जास्त जपावं. शुगर वाढलेली असताना चेहरा दुखणं, एका बाजूला सूज, नाकातून काळपट खपली येणं ही काळ्या बुरशीची लक्षणं असू शकतात. २०२१ मध्ये कोरोनानंतर या आजारानं महाराष्ट्रात अनेकांना गाठलं होतं. इथे एक-एक दिवस मोलाचा असतो.

नाक टोचल्यानंतरची गाठ

नथ किंवा चमकीसाठी नाक टोचल्यावर छिद्राशेजारी बारीक लाल गाठ येते, हात लावला की रक्त येतं. सारखी ओढाताण, अस्वच्छ सुई किंवा हलक्या धातूची ॲलर्जी ही तिची नेहमीची कारणं. डॉक्टर मलम देतात, धातू बदलायला सांगतात किंवा गाठ जाळून काढतात.

गाठ टणक असेल आणि छिद्राच्या बाहेर पसरत वाढत असेल तर ते केलॉइड, म्हणजे जखमेचा वण नको तितका वाढणं. ते नुसतं कापलं तर अनेकदा पहिल्यापेक्षा मोठं होऊन परत येतं. म्हणून आधी त्यात इंजेक्शनं देतात. घरात कुणाला केलॉइड झालं असेल तर मुलीचं नाक टोचण्याआधी डॉक्टरांना विचारलेलं बरं.

चामखीळ, तीळ आणि निरुपद्रवी गाठी

चामखीळ खरबरीत असते आणि विषाणूमुळे होते. ती गोठवून किंवा जाळून काढतात. कातडीखालची मऊ, हलणारी गाठ बहुतेक वेळा पिशवीसारखी असते. ती पिशवीसकट काढली नाही तर पुन्हा भरते. नाकावर कातडीच्याच रंगाचा, टणक, मिरीएवढा उंचवटा वर्षानुवर्षं तसाच राहतो. त्यालाही इलाज लागत नाही. पण कॅन्सरचा फोडही सुरुवातीला असाच दिसू शकतो, म्हणून एकदा डॉक्टरांच्या नजरेखालून जाऊ द्यावा.

ज्यांच्याकडे दुर्लक्ष महागात पडतं

*कातडीचा कॅन्सर:* उन्हात आयुष्य काढलेल्या, पन्नाशी-साठी ओलांडलेल्या लोकांत बेसल सेल कार्सिनोमा नावाचा कॅन्सर चेहऱ्यावर, खासकरून नाकावर होतो. सुरुवातीला तो चकचकीत मण्यासारखा दिसतो. आपल्या सावळ्या कातडीवर तो काळपट असतो, म्हणून लोक तीळ समजतात. पुढे मधे खड्डा पडतो, कडा उचललेल्या राहतात, खपली आणि रक्त सुरू होतं. हा कॅन्सर हळू वाढतो आणि शरीरात दुसरीकडे सहसा जात नाही. लहान असताना काढला तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. उशीर झाला तर तो नाकाची कुर्ची खातो आणि मग नाकाचा भाग काढून दुसरीकडची कातडी लावावी लागते.

*कुष्ठरोग:* चेहऱ्यावर, कानाच्या पाळीवर गाठी, भुवया विरळ होणं, सारखं नाक चोंदणं, अंगावर बधिर चट्टा, हातापायाला मुंग्या, यातलं काही असेल तर लगेच तपासावं. या रोगाच्या एमडीटी गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. प्रकारानुसार सहा महिने किंवा वर्षभर घ्याव्या लागतात. उपचार सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रुग्णापासून लागण होण्याचा धोका संपतो, त्यामुळे लपवण्यासारखं काही नाही.

*नाकातला लाल कोंब:* नाकपुडीतून स्ट्रॉबेरीसारखा लाल, पांढरे ठिपके असलेला कोंब दिसत असेल आणि नाकातून रक्त येत असेल तर तो ऱ्हायनोस्पोरिडिओसिस असू शकतो. गुरं आणि माणसं एकाच तळ्यात अंघोळ करतात अशा भागांत हा आजार आढळतो. तो गोळ्यांनी जात नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञ तो काढून त्याची मुळाची जागा जाळतात.

*मार लागल्यानंतरचा उंचवटा:* बैलानं शिंग मारलं, गाडीवरून पडलं आणि नाकाचं हाड वर आलं, तर आठ-दहा दिवसांच्या आत दाखवावं. हाड जुळून गेल्यावर ते सरळ करणं अवघड होतं.

तुकडा तपासायला एवढं का घाबरतात?

डॉक्टर आधी विचारतात: फोड कधीपासून आहे, वाढतोय का, रक्त येतं का, जागा बधिर आहे का, शुगर आहे का. मग भिंगातून बघतात. तरीही खात्री पटली नाही तर बायोप्सी करतात. जागा बधिर करून गाठीचा छोटा तुकडा काढतात, गरज पडली तर टाका घालतात आणि तुकडा लॅबमध्ये पाठवतात. काम थोड्या वेळाचं असतं, रुग्ण त्याच दिवशी घरी जातो.

"सुई लावली की कॅन्सर पसरतो" हे गावात हमखास ऐकू येतं. ते खरं नाही. पसरतो तो तपासणी टाळल्यामुळे गेलेल्या वेळेत.

हे करू नका

- चुना, बिब्बा, ॲसिड लावणं किंवा डाग देणं. कातडी जळते, खोल वण राहतो आणि खरा आजार वणाखाली झाकला जातो.
- दोरा किंवा घोड्याचा केस बांधून गाठ तोडणं.
- चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून "गोरं करणारी" किंवा "सगळ्यावर चालणारी" ट्यूब घेणं. अशा अनेक ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. त्यानं लाली तात्पुरती कमी होते, पण जंतू वाढतात आणि कातडी पातळ होते.

मोबाइलचा खरा उपयोग

फोड दिसला त्या दिवशी शेजारी रुपयाचं नाणं धरून दिवसाच्या उजेडात फोटो काढा. दर आठवड्याला तसाच काढा. वाढतोय की बसतोय हे फोटोच सांगतील आणि डॉक्टरांनाही ते कामी येतील. चार आठवडे झाले तरी फोड तसाच असेल, तर आणखी थांबू नका. रक्त, बधिरपणा, रंग बदलणं किंवा झपाट्यानं वाढणं यातलं काही असेल तर चार आठवडेही थांबायचं नाही.

कुठे जायचं, खर्च किती?

सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रातून करावी. उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी ई-संजीवनीवरून तज्ज्ञांशी व्हिडिओवर बोलणं करून देऊ शकतात. पुढे ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालय. कातडीच्या फोडासाठी त्वचारोग विभाग, नाकाच्या आतल्या गाठीसाठी कान-नाक-घसा विभाग.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मात्र काही शुल्क लागू शकतं. कॅन्सरचं ऑपरेशन लागलंच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, हे योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावं. जाताना रेशनकार्ड, आधार कार्ड आणि जुन्या चिठ्ठ्या सोबत ठेवाव्यात.

घरातले म्हातारे "एवढ्याशा फोडासाठी कशाला तालुक्याला" म्हणून टाळतात. पुढच्या बाजारच्या दिवशी त्यांना गाडीवर मागे बसवून न्या. फोड साधा निघाला तर एक चक्कर वाया जाईल. साधा नसला तर त्या एका चकरेत नाक वाचेल.