अश्रू हसण्याचे की रडण्याचे?

मोबाइलवरील चार मिलिमीटरच्या एका चित्रामुळे दोन शेजारघरांत अबोला निर्माण झाला, त्याची ही हकीगत. ती ऐका आणि मग त्यातील विज्ञान आपण मिळून तपासू.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात, गोव्याच्या सीमेजवळ, तेरेखोल नदीच्या काठी बांदा हे गाव आहे. इतर कोकणी गावांप्रमाणेच येथील कितीतरी माणसे चाकरमानी म्हणून मुंबईस राहतात. त्यामुळे बारसे असो वा बारावे, बातमी आता व्हॉट्सॲपवरील वाडीच्या गटातूनच कळते. अशीच एका रात्री बातमी आली, की वाडीतील एक वृद्ध बाई मुंबईस मुलाकडे वारल्या. शेजारचे आजोबा त्यांना बहीण मानत. दुःख शब्दांत मांडणे त्यांना जमेना, म्हणून त्यांनी डोळ्यांतून पाणी वाहणारा एक पिवळा चेहरा निवडला आणि तो ओळीने तीनदा पाठवला.

तो चेहरा रडत नव्हता. हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा होता तो! आईच्या मृत्यूवर कोणी हसावे, याचा मुलाला धक्का बसला. बाराव्याला तो गावी आला, पण शेजारची पायरी चढला नाही. आजोबांना कारणच कळेना. शेवटी नववीत शिकणाऱ्या नातीने त्यांचा फोन पाहिला आणि ती म्हणाली, “आजोबानु, ह्यो रडणा नाय, हसता!” आजोबा थक्क होऊन म्हणाले, “माका डोळ्यांत पाणी दिसला, तां पुरा नाय?”

चूक नेमकी झाली कोठे? यंत्रात, डोळ्यात की समजुतीत?

यंत्राची साक्ष

अशा चित्रांना ‘इमोजी’ म्हणतात. शब्द जपानी आहे. ‘ए’ म्हणजे चित्र आणि ‘मोजी’ म्हणजे अक्षर. इंग्रजी ‘इमोशन’शी त्याचा संबंध नाही, उच्चारातील साम्य केवळ योगायोगाचे आहे. १९९९ साली जपानमध्ये शिगेताका कुरिता यांनी एनटीटी डोकोमो या कंपनीच्या फोनसाठी १७६ चित्रे तयार केली. प्रत्येक चित्र आडवे १२ व उभे १२ अशा अवघ्या १४४ ठिपक्यांत बसवलेले होते.

आपण इमोजी पाठवतो तेव्हा चित्र जात नाही, जातो तो एक क्रमांक. जगातील लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी ‘युनिकोड’ नावाची पद्धत आहे. तीत आपल्या ‘न’ या अक्षराचा क्रमांक २३४४ आहे. २०१० साली या यादीत इमोजी मोठ्या संख्येने दाखल झाले. हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्याचा क्रमांक १२८५१४, तर हंबरडा फोडणाऱ्या चेहऱ्याचा १२८५५७. क्रमांक मिळाला, की समोरचा फोन आपल्या साठ्यातील चित्र काढून दाखवतो. म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांच्या फोनवर एकच इमोजी थोडा निराळा दिसतो.

बांद्याहून निघालेला १२८५१४ हा क्रमांक मुंबईस १२८५१४ म्हणूनच पोहोचला. म्हणजे यंत्र निर्दोष होते.

डोळ्याची साक्ष

निरोगी डोळ्याला साधारणपणे एक कलेइतक्या, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाइतक्या कोनातील दोन बिंदू वेगळे दिसतात. ४० सेंटिमीटर अंतरावर हे बिंदू सुमारे ०.१२ मिलिमीटर दूर असतात. तेव्हा चार मिलिमीटरच्या चेहऱ्यावरील ओठांचे वळण तुम्हाला सहज दिसेल.

परंतु वय वाढते तसे डोळ्यातील भिंग ताठर होते आणि जवळचे पाहताना त्याला पुरेसा फुगवटा घेता येत नाही. यालाच आपण चाळिशी म्हणतो. समजा, आजोबांना चष्म्याशिवाय एक मीटरच्या अलीकडचे स्पष्ट दिसत नाही, आणि त्या रात्री चष्मा फळीवर राहिला होता. बाहुलीचा व्यास ३ मिलिमीटर धरा. एक मीटरवरील बिंदू हे टोक आणि बाहुली हा पाया मानून त्रिकोण काढा. फोन डोळ्यापासून ४० सेंटिमीटरवर, म्हणजे टोकापासून ६० सेंटिमीटरवर आहे. समरूप त्रिकोणांवरून तेथील रुंदी ३ × ६०/१०० = १.८ मिलिमीटर येते. याचा अर्थ, पडद्यावरील प्रत्येक बिंदू आजोबांना १.८ मिलिमीटर रुंदीच्या डागासारखा पसरलेला दिसला. चेहरा चार मिलिमीटरचा, त्यात डाग जवळजवळ निम्म्या रुंदीचा! अशा वेळी बारीक रेषांचे वळण आधी पुसले जाते आणि रंगाचे ठिपके मागे उरतात. ओठ हरवले, निळे पाणी तेवढे उरले.

समजुतीची साक्ष

पण सारा दोष डोळ्याला देता येणार नाही. अश्रूंची ग्रंथी हसताना आणि रडताना एकच असते. मुलीची पाठवणी करताना आईच्या डोळ्यांत येणारे पाणी कोणते, हे तिलाही सांगता येत नाही. आपण अश्रूंचा अर्थ ओठांवरून, आवाजावरून आणि प्रसंगावरून लावतो. आजोबांनी उलट केले. अश्रू पाहिले आणि बाकीचे गृहीत धरले.

हाच हसरा चेहरा २०१५ साली ऑक्सफर्ड शब्दकोशाने ‘वर्षाचा शब्द’ म्हणून निवडला होता. युनिकोड संस्थेने २०२१ साली जाहीर केलेल्या यादीत तो पहिला होता, एकूण वापराच्या पाच टक्क्यांहून अधिक. परंतु त्याच सुमारास अनेक तरुणांना तो जुनाट वाटू लागला आणि खूप हसू आले, की ते चक्क हंबरडा फोडणारा चेहरा पाठवू लागले. म्हणजे आजोबा रडण्यासाठी हसरा चेहरा पाठवतात आणि नात हसण्यासाठी रडका! क्रमांक ठरवणारी संस्था आहे, पण अर्थ वापरणारी माणसे ठरवतात, आणि तो प्रत्येक पिढीत, प्रत्येक घरात निराळा असू शकतो.

नातीने आजोबांना शेजारी नेले. आजोबांनी फोन पुढे केला नाही, नुसते हात जोडले. मुलाने त्यांना ओटीवर बसवून घेतले. समोरासमोर उलगडा व्हायला दोन मिनिटेही लागली नाहीत.

करून पाहा

फळ्यावर चार सेंटिमीटर व्यासाचे दोन चेहरे काढा, एक हसरा, एक रडका. दोघांच्या गालांवर निळ्या खडूने अश्रू काढा. चार मीटरवरून ते पाहा. ४० सेंटिमीटरवरील फोनमधला चेहरा डोळ्याशी एवढाच कोन करतो. आता घरातील आजी-आजोबांना जवळचा चष्मा न लावता आधी फळा व मग फोन दाखवा. लांबचे नीट दिसणाऱ्यांना फळ्यावरचे ओठ ओळखता येतील, फोनवरचे मात्र चुकण्याचा संभव आहे. कोन सारखाच असताना असे का व्हावे, याचे उत्तर वरील त्रिकोणात शोधा. आणि त्यांच्या फोनमधील अक्षरांचा आकार मोठा करून द्यायला विसरू नका.