परिचारिकेची पदवी आणि निर्णयाचा अधिकार

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. त्यामुळे सावंतवाडीत मास्तर म्हणून स्थिरावल्यापासून वस्तीतल्या मुलामुलींच्या अर्जांचे कागद माझ्याच टेबलावर येतात. काही वर्षांपूर्वी माझी एक जुनी विद्यार्थिनी आली. बी. एस्सी. नर्सिंग झालेली, अतिदक्षता विभागात वर्षभर काम केलेली. तिला 'नर्स प्रॅक्टिशनर' व्हायचे होते. शब्द मला नवा होता; वाचकांपैकीही अनेकांना असेल.

परिचारिका डॉक्टरने सांगितलेले उपचार करते. नर्स प्रॅक्टिशनरने त्यापुढे जायचे असते: रुग्ण स्वतः तपासायचा, आजाराचा अंदाज बांधायचा, चाचण्या सांगायच्या, ठरवून दिलेल्या मर्यादेत औषध द्यायचे. ही कल्पना १९६५ साली अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड ही परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी प्रत्यक्षात आणली. जेथे डॉक्टर पोचत नाही तेथल्या मुलांसाठी ती जन्मली, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेने २०१६ च्या सुमारास दोन वर्षांचा पदव्युत्तर निवासी अभ्यासक्रम आखला, तो अतिदक्षता परिचर्येचा. म्हणजे सुरुवात झाली ती मोठ्या रुग्णालयातल्या यंत्रांपाशी. खेड्यातल्या उपकेंद्रासाठी २०१८ पासून समुदाय आरोग्य अधिकारी आले. त्यांचे खास प्रशिक्षण सहा महिन्यांचे. यंत्राशेजारी दोन वर्षे आणि गावाला सहा महिने! आमच्या सावंतवाडी-दोडामार्गातला गंभीर रुग्ण आजही गाडीत घालून बांबोळीला न्यावा लागतो. ह्या हिशेबाचा अर्थ त्या वाटेवरच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

आता शिडी पाहा. पदवीची चार वर्षे, अनुभवाचे एक, मग ही दोन, बारावीनंतर सात. ज्यांना पदवीचा खर्च झेपत नाही त्या आमच्या मुली जी. एन. एम. करतात. त्यांना तीन वर्षांनंतर पुन्हा दोन वर्षांची पोस्ट बेसिक पदवी घ्यावी लागते. त्यांची वर्षे आठ होतात. एम. बी. बी. एस. आंतरवासितेसह साडेपाच वर्षांत होते.

विद्यार्थिनी सुट्टीत आली की तासन् तास बोलत बसे. अभ्यासक्रमाचा मोठा भाग रुग्णाशेजारीच. रक्तातल्या वायूंचा अहवाल वाचायचा, कृत्रिम श्वासाचे यंत्र कसे लावावे ते मांडायचे, सकाळच्या फेरीत सर्वांसमोर रुग्णाची हकीकत सांगायची. "सर, पहिल्यांदा माझा अंदाज बरोबर निघाला तेव्हा रडू आलं," ती म्हणाली. पण त्याच वॉर्डात मनुष्यबळ कमी पडले की ही विद्यार्थिनी नसे, दोन हात असत. चादरी, बेडपॅन, रात्रपाळी. बेडपॅनची तिला लाज नव्हती. तिला टोचले ते वेगळे. आडनाव कळल्यावर एका वरिष्ठ बाईने म्हटले, "तुम्हांला ह्या कामाची सवय असेलच." शिष्यवृत्तीची रक्कम वर्ष सरताना हातात पडली, तोवर मेसचे पैसे मैत्रिणीने भरले.

ते वाक्य साधे नाही. मलमूत्र, रक्त, विटाळ ह्यांना हात लावणाऱ्याला आपल्या समाजाने कधी मान दिला नाही. बाळंतपण करणारी सुईण पुष्कळ ठिकाणी आमच्याच वस्तीतली असे. तिच्या हाताचे ज्ञान घ्यायचे आणि तिला अंगणाबाहेर ठेवायचे. परिचर्येला प्रतिष्ठित घरांनी दीर्घकाळ नाक मुरडले ते ह्याच कारणाने. तेव्हा परिचारिकेला निर्णय घेऊ द्यावा की नाही हा प्रश्न केवळ वैद्यकीय नाही. हात कोणाचा आणि डोके कोणाचे, ही वाटणी आमच्या ओळखीची आहे. डॉक्टर मंडळी रुग्णाच्या सुरक्षिततेचा मुद्दा काढतात, तो खोटा नाही. पण मग सुरक्षितता शिकवणारी दोन वर्षे कशासाठी?

अधिकाराचे म्हणाल तर तो रुग्णालयाने लिहून दिलेल्या नियमावलीच्या आतच. स्वतंत्र पद व स्वतंत्र वेतनश्रेणी बहुतेक ठिकाणी नाही. ती पास झाली, एका खाजगी रुग्णालयात लागली, पगार पूर्वीच्याच परिचारिकेचा. वडील मालवणीत म्हणाले, "आनी दोन वर्सां शिकलंस, तरी सिस्टरच रवलंस मगे?" तिने उत्तर दिले नाही.

गेल्या आठवड्यात तिची धाकटी बहीण जी. एन. एम.चा अर्ज घेऊन आली. चार वर्षांच्या पदवीलाच जा, असे मी सांगितले. "आणि फी?" तिने विचारले. अर्ज अजून माझ्या टेबलावर आहे.