खुल्या दाराचे कोडे

जीमेलवरून पाठवलेले ई-पत्र याहूच्या पत्त्यावर सुखरूप पोचते. कंपन्या वेगळ्या, त्यांचे संगणक वेगळे. तरी पत्र वाटेत अडत नाही. असे का बरे? एका संगणकाने दुसऱ्याकडे पत्र कसे सोपवावे, याचा नियम १९८२ सालीच प्रसिद्ध झाला असून तो कोणालाही वापरता येतो. अशा नियमाला 'प्रोटोकॉल' म्हणतात.

समाजमाध्यमांचे मात्र तसे नाही. इन्स्टाग्रामवर मित्राने टाकलेल्या छायाचित्राला एक्सवरून उत्तर देता येत नाही. प्रत्येक कंपनीने आपल्या आवाराभोवती कुंपण घातले आहे.

कुंपणाविना जोडणी

हे कुंपण नको, असे वाटणाऱ्यांनी निराळी वाट काढली. जर्मनीतील ऑयगेन रोख्को यांनी २०१६ साली 'मॅस्टोडॉन' ही प्रणाली सुरू केली. तिला एकच मालक नाही. कोणीही आपला संगणक, म्हणजे सर्व्हर, चालवावा, आपले नियम ठरवावेत आणि इतरांशी जोडून घ्यावे. असे अनेक सर्व्हर हौशी मंडळी देणग्यांवर चालवतात. त्यांना जोडणारा 'ॲक्टिव्हिटीपब' हा प्रोटोकॉल जानेवारी २०१८ मध्ये मान्य झाला. या साऱ्या समूहाला 'फेडिव्हर्स' म्हणतात.

त्याचे कार्य सोपे आहे. प्रत्येक खात्याला एक आवक-पेटी व एक जावक-पेटी असते. समजा, पहिल्या सर्व्हरवरील मीनाचे लेखन दुसऱ्या सर्व्हरवरील रफिक नियमित वाचतो. मीनाने काही लिहिले, की तिचा सर्व्हर त्याची प्रत रफिकच्या आवक-पेटीत टाकतो.

मोठा पाहुणा

जुलै २०२३ मध्ये फेसबुकच्या मालक कंपनीने, मेटाने, 'थ्रेड्स' सुरू केले. पाचच दिवसांत त्यावर दहा कोटींहून अधिक लोकांनी खाती उघडली. थ्रेड्सही ॲक्टिव्हिटीपबशी जोडले जाईल, असे कंपनीने जाहीर केले होते. मार्च २०२४ मध्ये अमेरिका, कॅनडा व जपानमधील इच्छुकांना तशी सोय मिळाली.

काही सर्व्हर-चालकांना आनंद झाला. इतरांनी मात्र थ्रेड्स सुरू होण्याआधीच त्याला दार बंद करण्याचा निश्चय केला. त्यांना एक जुनी गोष्ट आठवत होती. गूगलने २००५ साली 'गूगल टॉक' ही संदेशसेवा काढली. तिने एक्सएमपीपी हा खुला प्रोटोकॉल वापरला आणि २००६ मध्ये ती इतरांच्या सर्व्हरांशी जोडली गेली. पुढे २०१३ मध्ये गूगलने 'हँगआउट्स' आणले, पण त्यात ही जोडणी ठेवली नाही.

थोडे गणित

जोडणी तुटल्याने कोणाचे किती बिघडते? समजा, एकूण १०० माणसे आहेत. प्रत्येकाला उरलेल्या ९९ जणांशी बोलता येते. त्यांतील ९० जण एका कंपनीच्या सर्व्हरवर आणि १० जण छोट्या सर्व्हरवर आहेत. कंपनीने जोडणी तोडली, तर तिच्याकडील माणसाचे ९९ पैकी १० संबंध तुटतात. छोट्या सर्व्हरवरील माणसाचे ९० तुटतात! साहजिकच तो आपले घर सोडून कंपनीकडे जाईल. नियम सर्वांना सारखाच होता, पण वजन सारखे नव्हते.

मग दार बंदच ठेवावे काय? तसे केले, तर थ्रेड्सवरील कोट्यवधी लोकांशी बोलण्याची संधी जाते. शिवाय नियम खुला म्हणायचा, तर तो मोठ्यांनाही खुलाच असणार. खरे संरक्षण माणसे विखुरलेली असण्यात आहे. मॅस्टोडॉनवर खाते दुसऱ्या सर्व्हरवर हलवता येते आणि आपले वाचकही बरोबर नेता येतात. त्यामुळे कोणी एका दाराशी बांधला जात नाही.

आता वरच्या उदाहरणात ९० व १० ऐवजी ५० व ५० घेऊन गणित करून पाहा. जोडणी तोडण्याचा मोह कोणाला होईल?